एशियाडला नेलेला नारळ

धुळे,
१९ नोव्हेंबर १९८२

चि. गिरधर,

आशीर्वाद शेवटी देते, आधी कान इकडे कर. भाऊबीजेला ओवाळून घेतलंस, खापरावरच्या पाच पुरणपोळ्या रिचवल्यास आणि माझं बोलणं अर्धवट ऐकून ‘अक्का, चाळीसगावची गाडी सुटेल’ म्हणत पळालास. म्हणून आता लिहून पाठवते. हे तरी पूर्ण वाच.

तू दिल्लीला एशियाड बघायला जातोस, जा बाबा. शाळेतल्या पोरांकडून वीस वर्षं कवायत करून घेतलीस, गावच्या जत्रेत कुस्त्या लावल्यास, तुलाही हौस आहे. पण दिल्लीत तुला जो एक दिवस मिळणार आहे, त्यात आपल्या पुष्पाचं काम करून यायचं.

दोन स्थळं आली आहेत हे तुला ठाऊक आहे. पहिलं एदलाबादचं. मुक्ताईच्या देवळाच्या वाटेवर कापडाचं दुकान, मुलगा एकुलता एक, माणसं शांत. फक्त त्यांचं म्हणणं असं की मुलीनं डी.एड. सोडायचं आणि येत्या माघात लग्न उरकायचं. पुष्पाची शेवटची परीक्षा एप्रिलात आहे. दुसरं स्थळ शिरपूरचं. मुलगा बन्सीलाल, एस.टी.त ड्रायव्हर. खेळाडूंची ने-आण करायला एस.टी.च्या नव्या गाड्या दिल्लीला गेल्या, त्यांच्यासोबत तोही गेलाय. त्याची आई भागाबाई दोनदा येऊन गेली. बाई सरळ आहे, पण आपल्या मुलाला कुठली आई वाईट म्हणेल? फोटो दिला तो गाडीजवळ उभा राहून काढलेला. गाडी लख्ख दिसते, मुलाचं तोंड टोपीच्या सावलीत गेलंय.

तेव्हा तू त्याला काही न सांगता बघायचं. पितो का, बोलतो कसा, मोठ्या माणसाशी वागतो कसा. आणि हे मी ठळक लिहिते: कुणालाही काही शब्द देऊ नकोस. पुष्पाचे वडील गेल्यापासून या घरात मामाचा शब्द तोच बापाचा शब्द. तुझं पत्र आलं की मी एदलाबादला हो किंवा नाही कळवणार.

पोरगी काही बोलत नाही. काल विचारलं तर पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, ‘मामा बघून येतील ते खरं.’ माझी एकच लेक आहे, गिरधर. चुकलं तर जन्मभर तिच्या तोंडाकडे बघवणार नाही मला.

शेजारचा वना चाळीसगावला येतोय, त्याच्या हाती वीस ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा पाठवते. दिल्लीचं काही खाऊन पोट बिघडवू नकोस. आता घे आशीर्वाद.

तुझी अक्का,
यशोदा


चाळीसगाव,
२२ नोव्हेंबर १९८२

ती. अक्का,

पाया पडतो. पत्र दोनदा वाचलं. भाकरी वीस नाही, सतरा पोचल्या. वनाला वाटेत भूक लागली असावी.

तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. माणूस पारखायला मला पाच मिनिटं पुरतात. अठरा वर्षं जत्रेत कुस्त्यांच्या जोड्या लावतोय मी. कोण कुणाला झेपेल, ते पैलवान नुसता शड्डू ठोकतो तेव्हा सांगतो. तो बन्सीलाल नजरेस पडू दे, की त्याची कुंडली मांडतो बघ.

माझं दुसरं काम ऐकून रागावू नकोस. तालमीतल्या सगळ्यांनी ठरवलंय की दिल्लीत जो कुस्ती मारेल त्याला आपल्या तालमीतर्फे फेटा बांधायचा आणि मानाचा नारळ द्यायचा. कुठल्या का देशाचा असेना, पैलवान तो पैलवान. लाल फेटा घेतलाय. नारळ काल मारुतीपुढे ठेवून, हळदकुंकू लावून काढला. एकदा मानासाठी काढलेला नारळ माघारी घरात आणत नाहीत हे तुला माहीतच आहे, म्हणजे आता देऊनच यायचं.

शब्द मी कुणाला देत नाही. मी काय लहान आहे?

तुझा,
गिरधर


नवी दिल्ली स्टेशन,
२८ नोव्हेंबर १९८२, संध्याकाळ

ती. अक्का,

पाया पडतो. गाडी दोन तास उशिरा आहे. फलाटावर ट्रंकेवर बसून लिहितोय. काय सांगू तुला! असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता.

सकाळी उतरलो तो थंडीनं दात वाजायला लागले. विचारत विचारत एस.टी.वाल्यांच्या तंबूंपर्यंत पोचलो. एक काळासावळा जवान गाडी पुसत होता. मी म्हटलं, ‘बन्सीलाल ड्रायव्हर कुठे भेटेल?’ त्यानं फडकं थांबवलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘आपण?’ मी म्हटलं, ‘चाळीसगावचा गिरधर मास्तर. सहज भेटायला आलो, काही विशेष नाही.’ तो म्हणाला, ‘बन्सीलाल ड्युटीवर गेलाय, आता एकदम संध्याकाळी. मला आज सुट्टी आहे. चला, तोवर दिल्ली दाखवतो.’ मागून कुणीतरी ओरडलं, ‘काय झिपरू, पाव्हणे का?’ आणि तिथले सगळे खी खी करून हसले. आपल्याच धुळे-जळगावकडची चार माणसं होती, पण एकाला वळण नाही.

हा झिपरू म्हणजे एक नमुना आहे अक्का. चालायला लागला की पळावं लागतं. वर तोंडाला हाड नाही. लाल किल्ल्यात मी त्याला इतिहास सांगत होतो, तर हा प्रत्येक वाक्याला ‘मास्तर, ते तसं नाही’. शेवटी पाटीवर वाचून दाखवलं, तेही त्याचंच बरोबर निघालं. मग तर मला जास्तच राग आला. किल्ल्याबाहेर हिरवळीवर भाकरी सोडल्या. तुझा ठेचा तोंडात गेला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘महिनाभरात घरचं काही खाल्लं नव्हतं.’ नऊ भाकरी खाल्ल्या त्यानं! मी मोजल्या. मला तीन मिळाल्या.

तिथून कुतुबमिनार. एवढा उंच की वर बघताना माझी टोपी पडली. जवळच एक जुना लोखंडी खांब आहे. त्याला पाठ लावून मागून दोन्ही हात जुळले तर मनातलं खरं होतं म्हणतात. मी प्रयत्न केला, पण माझे हात कुठचे जुळतात? बाजूच्या पंजाबी बाया हसायला लागल्या. झिपरूचे मात्र चटकन जुळले. लांब हाताचा गडी. काय मागितलंस विचारलं तर म्हणे, ‘सांगितलं तर होत नाही मास्तर.’ आणि चौकस किती! तुमच्या घरी कोण, बहीण कुठे, भाची काय शिकते, तिला पुढे शिकायचंय का. मी म्हटलं, ‘एप्रिलात परीक्षा आहे, पण पाव्हणे सोड म्हणतात.’ तर हा मलाच म्हणतो, ‘मग सोडायची कशाला? देऊ द्या ना परीक्षा.’ आता याला कुणी विचारलं होतं?

दुपारी कुस्त्या. अक्का, कुस्ती गादीवर! माती नावालाही नाही. एक इराणचा, एक मंगोलियाचा. हत्तीएवढे. पाठ कुणाची लागली नाही, आणि पंचानं एकाचा हात वर केला. मी ओरडलो, ‘अरे चितपट कुठे झालीय?’ पण इथे गुणांवर असतं म्हणे. असू दे. जिंकला तो जिंकला, म्हणून फेटा-नारळ घेऊन खाली उतरलो. पण इथले नियम जरा वेगळे निघाले. मग एका खोलीत थोडा वेळ बसलो. त्यांनी चहा दिला. झिपरू सोबत होता. तो विषय एवढाच.

नारळ राहिला हातात. माघारी तर आणता येत नाही. तंबूवर ट्रंक घ्यायला गेलो तेव्हा मनात आलं, हा पोरगा दिवसभर आपल्यामागे फिरला, वेळेला धावला, यालाच मान देऊ. त्या चार माणसांदेखत त्याला फेटा बांधला, नारळ हातात दिला. काय आनंद झाला म्हणतेस लोकांना! एकानं गाडीचा हॉर्न वाजवला, एक पळत जाऊन पेढे घेऊन आला. झिपरू माझ्या पाया पडला. मास्तरकीचा मान अजून आहे म्हणायचा.

आता मुख्य काम. बन्सीलालला पाहिलं. संध्याकाळी, जरा लांबून, पण नीट पाहिलं. रंग काळा. तोंडाचा फटकळ, मोठ्यांशी वाद घालतो. साहेबाची चूक दिसली तर साहेबालाही तोंडावर बोलतो, त्यापायी दोनदा मेमो मिळालाय. पीत नाही, पण एका बैठकीला आठ-नऊ भाकरी खातो. झोपेत घोरतो, हे मी स्वतः ऐकलं. गाडीचं चाक हातात आलं की घरदार विसरतो. माझ्या मते एदलाबादला हो कळव. परीक्षेचं काय, पुढे बघू.

गाडी आली वाटतं.

गिरधर


धुळे,
७ डिसेंबर १९८२

गिरधर,

आज चि. नाही आणि आशीर्वादही नाही.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी वाचलं, पुष्पाला वाचायला दिलं, आणि शनिवारी एदलाबादला निरोप धाडला की या, रविवारी बारा तारखेला कुंकू लावून घेऊ. पोरीनं पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली. मला वाटलं, रडून मोकळी होईल. रडलीही नाही. त्यापेक्षा रडली असती तर बरं.

आज सकाळी दहाला दार वाजलं. बघते तर शिरपूरची भागाबाई, नवं लुगडं नेसून, हातात साखरेची पुडी आणि खण. उंबऱ्यातच माझ्या गळ्यात पडली. ‘यशोदाताई, तुमना भाऊनी नारय दिधं, फेटा बांधा, चार माणसंस्ना समोर! आते आपण याहीन-याहीन!’ म्हणजे विहिणी-विहिणी. मी म्हटलं, ‘बाई, माझ्या भावानं कुणा झिपरूला नारळ दिलाय, तुमच्या बन्सीलालला नाही.’ तर ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, ‘मनाच पोऱ्या शे ना तो!’

झिपरू म्हणजेच तिचा बन्सीलाल. याच्या आधीची दोन मुलं तिला लाभली नाहीत. म्हणून दृष्ट लागू नये यासाठी तिसऱ्याला जन्मल्या दिवसापासून झिपरू म्हणतात. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी बन्सीलाल लिहिलं. कागदावर बन्सीलाल, बाकी सगळ्या शिरपुरात आणि सगळ्या डेपोत झिपरू. अरे, आपल्याच आतेभावाचं नाव भिका होतं ना? कागदावर काय होतं त्याचं? तुला एवढंही सुचलं नाही?

मी तुझं पत्र काढायच्या आधीच पुष्पा ते घेऊन बाहेर आली. तिला पाठ झालं होतं. म्हणाली, ‘आई, झिपरू काळासावळा, बन्सीलाल काळा. झिपरू नऊ भाकरी खातो, बन्सीलाल आठ-नऊ. दोघंही मोठ्यांशी वाद घालतात. मामांनी एकच माणूस दोनदा पाहिलाय.’ आणि गिरधर, तिचे वडील गेल्यापासून सहा वर्षांत पहिल्यांदा माझी पोरगी एवढी खळखळून हसली. मग एकदम पत्राची घडी घातली, कारण रविवार तिच्याही ध्यानात आला.

आता तू मला सांग. दिवसाढवळ्या ड्युटीवर असलेल्या माणसाला तू घोरताना कसं ऐकलंस? लांबून पाहिलंस म्हणतोस, तो कोण होता? की कुणीच नव्हता? कुणालाही शब्द देऊ नकोस म्हणून ठळक लिहिलं होतं मी. आपल्यात चार माणसांदेखत उपवर मुलाला मुलीच्या मामानं फेटा बांधून नारळ दिला की पुढे बोलायचं काय उरतं? आणि इकडे माझा निरोप एदलाबादला गेलेला. एका मुलीचे दोन नवरे करून ठेवलेस माझ्या भावा!

भागाबाईला चहा दिला, खण ठेवून घेतला नाही आणि परतही केला नाही. तो देव्हाऱ्याजवळ पडून आहे. मला मान खाली घालायला लावू नकोस. ताबडतोब कळव.

यशोदा


तार
चाळीसगाव, ९ डिसेंबर १९८२

बन्सीलाल पाहिला नाही. झिपरू पाहिला. पोरगा सोनं. पुस्तकं खाली काढ. एदलाबादला जातो. गिरधर.


एदलाबाद,
११ डिसेंबर १९८२

ती. अक्का,

तुझ्या समोर उभं राहायची हिंमत नाही म्हणून लिहितोय. हे पत्र धुळ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात देतो, म्हणजे आजच पोचेल. आता ड्रायव्हर लोकांवर माझा फार विश्वास बसलाय.

अक्का, मी खोटं लिहिलं. त्या दिवशी मी बन्सीलाल म्हणून कुणालाही पाहिलं नाही. तू रागावशील, दिल्लीला मजा मारायला गेला आणि पोरीचं काम विसरला म्हणशील, या भीतीनं झिपरूलाच विचारून घेतलं होतं की तुमचा बन्सीलाल कसा आहे. तो सांगत गेला, मी मनात टिपत गेलो. काळा आहे, फटकळ आहे, खातो फार, घोरतो. मी म्हटलं, ‘अरे, काही चांगलं?’ तर म्हणाला, ‘चांगलं आई सांगेलच मास्तर, तुम्ही वाईट लिहून न्या.’ मला वाटलं, याचं आणि बन्सीलालचं काही भांडण असेल.

आणि ती खोली. तीही सांगून टाकतो. मी फेटा-नारळ घेऊन कठडा ओलांडला आणि गादीपर्यंत पोचलो. जिंकलेला मंगोलियाचा पैलवान आधी हसला, मग घाबरला. शिपायांनी मला दोन्ही दंडांना धरून उचललं. एकानं नारळ कानाशी हलवून पाहिला. आत पाणी वाजलं, तसा तो दोन पावलं मागे सरला आणि शिट्टी फुंकायला लागला! त्या खोलीत मला दोन तास बसवलं होतं. माझं हिंदी त्यांना कळेना, त्यांचं मला. मी पार घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? शाळेत कळलं तर नोकरी गेली, असं वाटत होतं.

तेवढ्यात झिपरू आत आला. मोठ्या साहेबाला म्हणाला, ‘साब, ये मेरे मामाजी हैं. हमारे यहाँ जीतनेवाले को नारियल देते हैं.’ साहेब ऐकेना. मग यानं खिशातून स्वतःचा पास काढून टेबलावर ठेवला. समारोपाच्या सोहळ्याचा पास, अक्का. त्यांच्यात चिठ्ठ्या टाकून पाच जणांना मिळाला होता. ‘हा ठेवून घ्या, यांना जाऊ द्या, गडबड झाली तर मी जबाबदार.’ पास गेला तो गेलाच. मला त्यानं वाटेत एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. त्यानं मामा म्हटलं ते मला सोडवायला रचलेलं आहे असं मी समजलो. मी गाढव आहे.

आता इथलं. काल रात्रीच आलो होतो, पण देवळात झोपलो आणि सकाळी मुक्ताईला हात जोडून रुपचंदआबांच्या ओट्यावर चढलो. हेच मुलाचे वडील. मी पायच धरले आणि घडलं ते सगळं सांगितलं. आबांनी तंबाखू मळता मळता ऐकलं.

‘नारळ दिला?’

‘दिला.’

‘मानाचा होता?’

‘मारुतीपुढे ठेवून काढलेला.’

‘फेटा?’

‘बांधला.’

‘माणसं कोण होती?’

‘चार ड्रायव्हर. धुळे, जळगाव, पारोळा आणि एक अमळनेरचा.’

आबा उठून आत गेले. आतून भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, आता काठी घेऊन येतात. ते पाण्याचा तांब्या घेऊन आले. म्हणाले, ‘मास्तर, नारळ गेलेली मुलगी आम्ही घरात आणत नाही. उद्या आम्ही येत नाही, तुमच्या बहिणीला सांगा, मनात काही नाही. तुम्ही आमच्या दारी येऊन सांगितलंत, लपवलं नाहीत, बस झालं.’ माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तर ते पुढे सरकून हळूच विचारतात, ‘ते जाऊ द्या. गादीवरच्या कुस्तीत पाठ नाही लागली तर मग कळतं कसं हो?’ तीन तास झाले, जेवण झालं, अर्धी आळी जमलीय आणि मी अजून कुस्त्याच सांगतोय. मुलगाही ऐकायला बसलाय. बरा आहे, पण त्याला धोबीपछाड माहीत नाही.

मी बन्सीलालला पत्र घातलंय. माफी मागितलीय. तू मला काहीही बोल, पण पुष्पाला म्हणावं, मामा पारखायला चुकला, नारळ द्यायला नाही.

तुझा अपराधी,
गिरधर


शिरपूर,
१५ डिसेंबर १९८२

आदरणीय मास्तर, म्हणजे मामा,

तुमचं पत्र मिळालं. दिल्लीहून गाड्या परत आणल्या, काल घरी पोचलो. माफी तुम्ही कसली मागता? खोटं आधी मी बोललो. आईनं मला कळवलं होतं की मुलीचे मामा न सांगता बघायला येणार आहेत. तुम्ही ‘सहज आलो, काही विशेष नाही’ म्हणालात तेव्हाच ओळखलं. सहज कोणी चाळीसगावहून दिल्लीला ड्रायव्हर शोधत येत नाही. म्हटलं, हे मला बघायला आलेत, तर आपणही यांना बघून घेऊ. ज्या घरचा मामा असा, त्या घरचं बाकी कसं असेल ते कळेल.

कळलं ते असं. मामा दर शब्दाला बढाई मारत नाहीत, दर दोन शब्दांनी मारतात. पण लाल किल्ल्याच्या दारात एका म्हाताऱ्याला पायऱ्या चढवत नव्हत्या तर भाकरींचं गाठोडं माझ्या डोक्यावर देऊन तुम्ही त्याला वर नेलंत. ते तुम्ही कुठे लिहिलं नसेल. आणि भाचीचं नाव निघालं की तुमचा आवाज बदलतो.

तुम्ही नारळ पुढे केलात तेव्हा मी घाबरलो होतो. घ्यावा तर तुम्हाला माहीत नाही, न घ्यावा तर मानाचा नारळ नाकारायचा कसा? पायाला हात लावला तेव्हा सांगणार होतो. तेवढ्यात आमच्या पारोळ्याच्या गड्यानं हॉर्न वाजवला आणि तुम्ही स्टेशनला पळालात. म्हणून स्पष्ट लिहितो: तुम्ही तो झिपरूला दिला होता. बन्सीलालला द्यायचा नसेल तर आताही सांगा, परत आणून देईन. राग येणार नाही. द्यायचा असेल तर परीक्षा आधी, लग्न नंतर. मला घाई नाही.

समारोपाचा पास गेला त्याचं काही वाटून घेऊ नका. रेडिओवर ऐकला.

आपला,
बन्सीलाल (झिपरू)


धुळे,
२० डिसेंबर १९८२

चि. गिरधर,

हो, चि. लिहिलंय. डोळे पुसून पुढे वाच.

काल बन्सीलाल आणि भागाबाई रीतसर मुलगी बघायला आले. तू शाळेच्या स्पर्धांमुळे आला नाहीस की मला भिऊन आला नाहीस, ते मी विचारत नाही. मुलानं तुझाच लाल फेटा बांधला होता. काळा आहे, तू बरोबर लिहिलंस. माझ्याशी दोन वेळा वाद घातला आणि दोन्ही वेळा त्याचंच बरोबर निघालं, तेही बरोबर लिहिलंस. पुष्पानं मोजून दहा भाकरी थापल्या होत्या. त्यानं आठ खाल्ल्या आणि दोन फडक्यात बांधून मागितल्या. म्हणाला, ‘दिल्लीत मामांना तीनच मिळाल्या होत्या.’ त्या वनाच्या हाती पाठवतेय. पोचतील तेवढ्या खा.

मुलीला म्हटलं, काही विचारायचं तर विचार. पुष्पानं एकच विचारलं, ‘त्या खांबाला हात लावून काय मागितलं होतं?’ तो तिच्याकडे न बघता चहाच्या कपाला म्हणाला, ‘तुमची परीक्षा. अजून निकाल लागायचाय, म्हणून कुणाला सांगू नका.’ मी स्वयंपाकघरात गेले, गिरधर. मला काही राहवेना. तिचे वडील असते तर त्यांनी दुसरं काय मागितलं असतं?

तू खोटारडा आहेस, धांदरट आहेस, आणि एवढं बजावूनही शब्द देऊन आलास. मी नीट विचार करून, माणसं बघून, घरदार बघून हो म्हणाले होते ते चुकीच्या घरी, आणि तू काही न बघता नारळ दिलास तो बरोबर हातात. हे मी पुन्हा कधी कबूल करणार नाही. हे पत्र वाचून फाडून टाक.

खण देव्हाऱ्याजवळून उचलून पेटीत ठेवला. लग्न वैशाखात. मुलगा म्हणतो, जमलं तर वरात एस.टी.च्या नव्या गाडीतून आणतो. तिला लोक आतापासूनच एशियाड गाडी म्हणायला लागलेत.

पुष्पाच्या पाठीशी मामा म्हणून तूच उभं राहायचं. कपडे इस्त्रीचे घाल, फेटा चांगला बांध, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून ये. हळद लागल्यापासून वरात निघेपर्यंत तुझ्या हातात कुणीही नारळ द्यायचा नाही, असं मी बठ्ठ्यांना, अगदी वनालासुद्धा, सांगून ठेवलंय.

तुझी,
अक्का